अढीतली सात नंबरची बाटली

माझं लग्न चिलटांवरून मोडता मोडता राहिलं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मुलीचे वडील संगमेश्वरहून आमच्या मालगुंडच्या घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

“मुलगा कॉलेजात काय करतो?”

मी सरळ सांगून टाकलं. “प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट आहे. चिलटं सांभाळतो.”

त्यांनी आमच्या वडिलांकडे पाहिलं. वडील छपराच्या कौलांकडे बघत होते.

“म्हंजे मारतो?”

“नाही, पाळतो.”

“पालून मग काय करतो?”

“मोजतो,” मी म्हणालो.

त्यांनी रिकामी बशी पुन्हा एकदा तोंडाला लावली. मग बशी खाली ठेवत म्हणाले, “नोकरी कायम हाय ना? मग काय का पालंना.” अशा रीतीने सुनंदा माझ्या घरात आली. आपला नवरा नेमकं काय करतो हे तिने माहेरी पुढची दोन वर्षं कोणालाही सांगितलं नाही.

पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ती बारीक चिलटं सगळ्यांनी पाहिलेली असतात. ती मारायला अक्कल लागत नाही, पाळायला लागते. एका बाटलीतलं कुटुंब पंधरा दिवसांत दुसऱ्या बाटलीत हलवायचं, नाहीतर ती स्वतःच्याच घाणीत बुडून मरतात. इथरचा वास देऊन त्यांना झोपवायचं, भिंगाखाली नर वेगळे, माद्या वेगळ्या करायच्या, आणि जागी व्हायच्या आत परत आत घालायचं. बाटलीला कापसाचा बोळा घट्ट बसवायचा, कारण रत्नागिरीत बाहेरची चिलटं आत घुसायला टपलेली असतात. एकदा का गावची मंडळी आत शिरली की पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण आठवड्यात बाटतो.

आणि त्यांचा स्वयंपाक. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी चायना ग्रास हे सगळं मोठ्या पातेल्यात रटरटवायचं. दर मंगळवारी त्या वासाने सगळ्या इमारतीची भूक खवळायची. मराठी विभागाचे एक प्राध्यापक तर बरोबर अकराला दारात येऊन कवितेवर बोलायला लागत. महिनाभर मी त्यांना टाळलं. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं, “सदाशिवराव, विभागातल्यांसाठीच करता का हे?” मी म्हटलं, “हो, विभागातल्या आठ हजार जणांसाठी.” बाटल्या दाखवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पण जाताना म्हणाले की गूळ मात्र चांगला वापरता.

हा सगळा खटाटोप आमचे विभागप्रमुख अभ्यंकर सर यांचा. दुरून कुठून तरी मोठ्या संस्थेतून त्यांनी चिलटांच्या बाटल्या मांडीवर घेऊन आणल्या होत्या. त्यांचं म्हणणं मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा मला पटलं, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची कृती लिहिलेली असते. डोळ्याच्या पेशीत पायाचीही कृती असते आणि पायाच्या पेशीत डोळ्याचीही. तरी गुडघ्याला डोळे फुटत नाहीत, कारण त्या कृतीतली नको ती पानं मिटवून ठेवणारी काही एन्झाइमं असतात. अंड्यातून जीव घडत असताना ती पेशीपेशीत नको त्या पानांपाशी खूण करतात. खूण झाली की ते पान घट्ट गुंडाळलं जातं, आणि एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी मिटलेलं मिटलेलंच राहतं. चिलटात ही एन्झाइमं आहेत, त्यांचीच भावंडं आपल्यात आहेत. सर म्हणायचे, “काय उघडलं यावर प्राणी जितका घडतो, तितकाच काय मिटलं यावरही घडतो.” हे वाक्य ते स्टाफरूममध्येही बोलून दाखवत, आणि तिथे ते कोणाला तरी लागायचंच.

मिटवणारं एन्झाइम अशक्त असलं तर काय होतं, त्याचा एक नमुना आमच्याकडे होता. त्या चिलटाच्या डोक्यावर मिशांच्या जागी चक्क पायासारखे अवयव फुटलेले. संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले तेव्हा सरांनी त्यांना तोच दाखवला. अध्यक्ष मोठे आंबा बागायतदार. त्यांनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“हेच्या डोक्यावर पाय हायत.”

“हो साहेब. डोक्यातल्या पेशींत पायाचं पान मिटायचं राहून गेलं.”

“मग ह्यो चालतो कशान?”

“खालच्या सहा पायांनी.”

“आनि वरच्यांचा काय कराचा?”

सरांना हे कोणी कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळच्या भाषणात अध्यक्षांनी सांगितलं की आपल्या संस्थेत डोक्याने चालणारे विद्यार्थी घडतात, याचा पुरावा आपण आजच डोळ्यांनी पाहिला.

आता शाहीनबद्दल. ही मुलगी जयगडच्या बाजूची, वडील बोटीवर इंजिनरूममध्ये. एम.एस्सी.ला पहिली आली आणि सरांकडे पीएच.डी.ला लागली. जयगडहून येणाऱ्या एसटीत ती आधीच बसलेली असायची आणि मालगुंडला मी चढलो की शेजारची पिशवी उचलून मला जागा द्यायची. मला सदाकाका म्हणायची. बसमध्ये ती कधी पुस्तक वाचायची, कधी झोपायची, आणि कधी गणपतीपुळ्यापासून रत्नागिरीपर्यंत फक्त एन्झाइमवर बोलायची. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण मान मी पुरी हलवायचो.

तिच्या चिलटांचे डोळे पांढरे, त्यावर लाल ठिपके. कारण असं की त्यांच्यात लाल रंगाचं पान नेमकं कायम मिटलेल्या पानांच्या शेजारी जाऊन पडलं होतं. काही पेशींत शेजाऱ्याबरोबर तेही मिटायचं, काहींत उघडं राहायचं. मिटवणारी यंत्रणा कुठे ढिली पडली की डोळ्यात लाल वाढणार. म्हणजे डोळा बघून एन्झाइमची तब्येत कळायची. जनुकांत बदल घडवणारं औषध देऊन तिने वेगवेगळे वाण तयार केले होते. त्यातल्या एखाद्याचे डोळे जास्त लाल निघाले असते, तर मिटवण्याच्या कामातलं एक नवं जनुक तिच्या हाती लागलं असतं. तीन वर्षांत एकही निघाला नव्हता. उरले होते बारा वाण, बारा बाटल्यांत. आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये विद्यापीठाची समिती बसून तिला मुदत वाढवून द्यायची की नोंदणी रद्द करायची ते ठरवणार होती.

ते भारनियमनाचं वर्ष होतं. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, शाहीन बहिणीच्या निकाहला घरी, सर पुण्याला मुलीकडे, आणि अशात कॉलेजच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. बाटल्यांचं थंड कपाट पंचवीस अंशांवर चालायचं. ते बंद पडलं. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते वीज मंडळालाही सांगता येईना. मी सरांना फोन लावला. सर एवढंच म्हणाले, “सदाशिवराव, काहीही करा, पण जगवा.”

मी काहीही केलं. बारा बाटल्या खोक्यात भरल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

“काय हाय त्यात?” कंडक्टरने विचारलं.

“चिलटं.”

“आंब्याच्या दिवसांत घरी चिलटं नेताव?” त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की सुट्टे पैसेही मागितले नाहीत.

घरी सुनंदाने खोकं उंबऱ्यावरच अडवलं. तिचंही बरोबर होतं. आतल्या खोलीत आमची अढी लागली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, अढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात थरावर थर देऊन पिकायला ठेवलेला आंबा. वर्षभर ज्या बाईने चिलटांशी हाडवैर धरलं, तिच्याच घरात मी हजारभर चिलटं घेऊन उभा होतो.

“एक जरी भायेर आला ना,” ती म्हणाली, “तर तुमी पन भायेर.”

अकरा बाटल्या मी न्हाणीजवळच्या सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दिवसातून चारदा पाणी मारायचं. बारावी तिथे ठेवायला मन होईना. ती सात नंबरची. तिच्यात अळ्या थोड्या, त्याही कुठे हलतात न हलतात. कोंबडीचं अशक्त पिल्लू असलं की आई त्याला चुलीपाशी उबेत ठेवायची, तेवढंच माझं शास्त्र. सुनंदाची पाठ वळल्यावर मी सात नंबरच्या बोळ्यावर आणखी एक फडकं बांधलं आणि बाटली अढीच्या कोपऱ्यात पेंढ्यात खुपसली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला ती सापडली. आंबे चाचपताना बाटली हाताला लागल्यावर माणूस जे बोलतो ते सगळं ती बोलली. पण मी बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरली. अळ्या काचेवर चढायला लागल्या होत्या.

“जगतात काय?” तिने विचारलं.

“तुझ्या अढीने जगतायत.”

नंतर मी पाहिलं तर तिने स्वतःच बाटलीभोवती पेंढा नीट सारखा केला होता.

त्या नऊ दिवसांत घरात गावची चिलटं आलीच, आंबा म्हटल्यावर येणारच. पण प्रत्येक चिलटाचा आळ कॉलेजवर. “ह्यो तुमचा,” सुनंदा बोट दाखवायची. मग मी तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन त्याच्या मागे धावायचो, पकडायचो, भिंगातून डोळे बघायचो आणि निकाल द्यायचो, “सगळा डोळा लाल आहे. हा आपला, गावचा.” आपला म्हटल्यावर ती त्याला चिरडायची. शेजारच्या काकूंनी हे दोन-तीनदा कुंपणावरून पाहिलं आणि माझ्या मेव्हण्याला निरोप धाडला की सदाला एकदा डॉक्टरला दाखवा.

वीज आली. बाराच्या बारा बाटल्या जिवंत घेऊन मी कॉलेजात परतलो. आणि आता मी जे केलं ते सांगायचं आहे.

कपाटाच्या दाराला तापमानाचं रजिस्टर टांगलेलं असायचं. रोज सकाळी नऊला थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. नऊ दिवसांचे चौकोन रिकामे होते. रिकामे चौकोन मला बघवत नाहीत. कॉलेजची वस्तू विचारल्याशिवाय घरी नेली ही भीती होती, अढीचं कोणाला सांगायची लाजही होती. मला वाटायचं तापमानाचा संबंध जगण्या-मरण्याशी, आणि चिलटं तर जगली होती. मी सलग पंचवीस, पंचवीस लिहीत गेलो. मधे एका दिवशी, खरं वाटावं म्हणून, चोवीस लिहिलं. सरांना फोनवर सांगितलं की बर्फाच्या लाद्या ठेवून कपाट थंड राखलं.

चार दिवसांनी शाहीन परतली. दुपारी तिने मला हाक मारली, तीही खुर्चीवरून न उठता. “काका, जरा बघा. मला भास होतोय का ते सांगा.” मी भिंगातून पाहिलं. सात नंबरच्या बाटलीतली नवी चिलटं, आणि सगळ्यांचे डोळे डाळिंबी लाल. बाकीच्या अकरांत नेहमीचे ठिपके. सर पुण्याहून तसेच आले. त्यांनी पाहिलं, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी पेढे आणले. घरी जाऊन सुनंदाला म्हटलं, आपण वाचवलेल्या बाटलीने पोरीचं नशीब काढलं. तिने संध्याकाळी देवापुढे दोन आंबे ठेवले.

पुढच्या पिढीचे डोळे बघूनच बोलायला हवं होतं, पण समितीची तारीख त्याच्या आधी होती. सर म्हणाले, एवढं तरी मांडूया. विद्यापीठाकडे निघण्याच्या दोन दिवस आधी विभागात भाषणाची तालीम झाली. पडद्यावर चित्रं टाकायचं काम माझ्याकडे. शाहीन छान बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, “ऊब वाढली तर मिटवणं आपोआप ढिलं पडतं आणि डोळा लाल होतो, हे जुनंच ठाऊक आहे. म्हणून आम्ही सगळ्या बाटल्या पंचवीस अंशांलाच वाढवल्या. त्याची ही नोंद.”

पुढचं चित्र मीच लावलं. माझं रजिस्टर, माझं अक्षर, भिंतीएवढं मोठं. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, चोवीस, पंचवीस. “ही सदाशिवरावांची शिस्त,” सर कौतुकाने म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सात नंबरमध्ये नवं जनुक वगैरे काही नव्हतं. आमची अढी होती. पुढची पिढी हे सांगणारच होती, पण तोवर पोरगी चार शहाण्या माणसांसमोर ते बोलून बसली असती, आणि नंतर तिचं नाव निघालं की हेच निघालं असतं.

घरी ताटावर बसल्या बसल्या मी सुनंदाला सांगितलं. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं. “अढीत ठेवलाव तुमी, लिवलाव पन तुमीच. आता सांगाचा पन तुमीच.” मग तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, “आनि माजा नाव लपवू नका. पेंढा मी सारका केलता.”

सकाळी एसटीत शाहीनने नेहमीसारखी पिशवी उचलली. गणपतीपुळ्याला मी तोंड उघडलं तर कंडक्टर आला. नेवऱ्याला उघडलं तर तिने मला खजूर दिला, तो खाईपर्यंत धीर गेला. आरे-वारेचा चढ आला तेव्हा ती समुद्राकडे बघत सुखाने गुणगुणत होती. प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने ॲप्रन घालायच्या आत मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, सगळं, सुनंदाच्या पेंढ्यासकट.

मग वही उघडून तिने विचारलं, “अढीत किती होतं?”

“थर्मामीटर नव्हता.”

“हात घातला होतात?”

“हो. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लागतं तसं लागलं.”

“म्हणजे तिसाच्या आसपास तरी असणार.” तिने ते लिहिलं. “आणि ते चोवीस, काका?”

“ते… खरं वाटावं म्हणून.”

तिला हसू आलं. अगदी मोकळं हसू. ते संपल्यावर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ माझ्याकडे वळलीच नाही. मी पातेलं घासायला घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

सरांना तिनेच सांगितलं. सर माझ्याजवळ आले. “मी म्हटलं होतं काहीही करा. माझं चुकलं ते एवढंच की मी ते फार मनापासून म्हटलं.” मग त्यांनी भाषणातून ते चित्र काढून टाकलं, आणि त्याच्या पुढचीही सगळी काढली. उरली पाच.

समितीसमोर शाहीनने जे होतं ते सांगितलं. तीन वर्षांत काही सापडलं नाही, एक सापडलंसं वाटलं ते चुकीचं निघालं, ते असं असं. समितीतल्या एका बाईंनी अढी म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं म्हणे. मुदत एक वर्षाची मिळाली, तीही कुरकुरत. पुढे पंचवीस अंशांवर वाढवलेली सात नंबरची पोरं चारचौघांसारखी ठिपक्यांच्या डोळ्यांची निघाली. लाल शोधण्याच्या नादात जिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं त्या चार नंबरच्या बाटलीतले डोळे मात्र जरा जास्त पांढरे होते, म्हणजे तिच्यात मिटवणं जरा जास्त कडक होतं. लहानशीच गोष्ट. तिच्या जोरावर मुदत आणखी वाढली आणि शाहीनचा प्रबंध झाला. त्याला पुढची तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत शाहीन मला एकदाही टोचून बोलली नाही. बसमध्ये पिशवी उचलत राहिली, काका म्हणत राहिली, ईदला शीरखुर्मा आणत राहिली. फक्त रोज सकाळी नऊला मी थर्मामीटर बघून आकडा लिहिला की ती यायची, कपाटाचं दार उघडायची, स्वतः बघायची आणि आपल्या वहीत वेगळं लिहायची. माझ्या रजिस्टरकडे तिने परत कधी पाहिलं नाही. मी रागवावं असं त्यात काही नव्हतं. पण त्या दाराचा आवाज मी तीन वर्षं रोज ऐकला.

पदवी मिळाल्यावर तिला बाहेरगावी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती टेबलाशी बसून शेवटची वही पुरी करत होती. नऊ वाजले. मी कपाटापाशी गेलो, बघितलं, दार लावलं आणि तिच्या उठण्याची वाट बघत बाजूला सरकलो.

ती उठली नाही. पेन उघडून मान खाली घालूनच तिने विचारलं, “किती आहे, काका?”

मी पुन्हा दार उघडलं आणि पुन्हा बघितलं.

“सव्वीस,” मी म्हणालो.

तिने सव्वीस लिहिलं.